टांझानियाच्या ताईची डेअरी

ती वर्कशॉपच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा मी तिच्या खांद्यावरून मागे पाहत होतो. रिक्षातून आणखी कुणीतरी उतरेल, एखादे साहेब, निदान एखादा एजंट, असं मला वाटत होतं. रिक्षा वळून निघून गेली. बाई एकटीच होती. उंच, चाळिशीच्या आतबाहेरची, डोक्याला रंगीत फडकं बांधलेलं, हातात पिशवी आणि काखेत गुंडाळलेला कागद.

"साहेब मागून येतायत का?" मी मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"कोणते साहेब?"

"महिनाभर मला मेसेज पाठवत होते ते. डेअरीचे मालक."

"मेसेज मीच पाठवत होते," ती म्हणाली. "डेअरीही माझीच आहे. जरा पाणी मिळेल का? नाशिकपासून बसमध्ये उभी आलेय."

लॉकडाऊन उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल तेव्हाची ही गोष्ट. आमचं पुढचं सगळं बोलणं असंच मोडक्यातोडक्या इंग्रजीत, थोडं हिंदीत आणि पुष्कळसं हातवाऱ्यांत झालं. इथे ते मराठीत लिहितोय.

संगमनेरच्या बाहेर, नाशिक-पुणे रस्त्याला लागून आमचं छोटं वर्कशॉप आहे. वडिलांनी सुरू केलेलं. दूधधंद्याला लागणारी स्टीलची भांडी, कॅन, खवा आटवायच्या कढया असलं काम आम्ही करतो. प्रत्येक वस्तूवर एक लहानशी पट्टी ठोकायची वडिलांची सवय होती. पट्टीवर वर्कशॉपचं नाव, गाव, जिल्हा आणि फोन नंबर. मीही ती चालू ठेवली. तसली पट्टी असलेली एक कढई कशी कोण जाणे, समुद्रापलीकडे टांझानियात, दार-एस-सलाममधल्या एका गुजराती मिठाईवाल्याकडे पोचली होती. ही त्याच्या दुकानात पेढा घ्यायला गेली, आत कढई दिसली, आणि काउंटर ओलांडून तिने नंबर उतरवून घेतला.

पाणी पिऊन झाल्यावर तिने कागद टेबलावर पसरला. पेन्सिलीने काढलेलं चित्र होतं. दोनशे लिटरचं भांडं. दूध ठरावीक उष्णतेपर्यंत तापवायचं, अर्धा तास तिथेच धरून ठेवायचं आणि मग गार करायचं, म्हणजे त्यातले रोगजंतू मरतात. डेअऱ्यांमध्ये हे काम विजेवर नाहीतर वाफेवर चालतं. हिला ते लाकडावर चालणारं हवं होतं.

"मॅडम, लाकडाच्या जाळावर दूध लागतं," मी म्हणालो. "जाळ कमीजास्त होतो. तुमचं सगळं दूध करपेल."

"आगीवर ठेवलं तर करपेल. मधे पाणी ठेवलं तर?"

"दुहेरी भिंत? ते करता येईल. पण पाणी एकाच उष्णतेवर कोण धरून ठेवणार?"

तिने पिशवीतून एक वही काढली. तेलाच्या रिकाम्या पिंपात पाणी, त्यात ॲल्युमिनियमचं पातेलं, असा प्रयोग तिने घरामागे अख्खा पावसाळा केला होता. निलगिरीचं लाकूड सुकं असलं तर किती ओंडके लागतात, ओलं असलं तर किती, कितव्या मिनिटाला जाळ मागे ओढायचा, सगळं तारीखवार लिहिलेलं. मी पानं उलटत गेलो आणि माझा आवाज हळूहळू खाली आला.

तिच्या आणखी दोन अटी होत्या. भांड्याचा कुठलाही भाग दोन बायकांना उचलता येईल इतकाच जड हवा, कारण पावसात तिच्या गावचा शेवटचा रस्ता बंद होतो. आणि सगळे नटबोल्ट एकाच मापाचे हवेत, म्हणजे एका पान्यात अख्खं भांडं खोलता आलं पाहिजे. मी तीस वर्षं भांडी करत होतो. एकाच पान्याचा विचार माझ्या डोक्यात कधी आला नव्हता.

संध्याकाळी घरी येऊन बायकोला हे सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "उतरलीय कुठं ती?"

"स्टँडजवळच्या लॉजवर."

"लॉजवर? एकटी बाई? आन् तुमी तिला तिथं ठिवून आले?"

ती स्कूटी घेऊन गेली आणि अर्ध्या तासात पाहुणीला पिशवीसकट घेऊन आली. पुढचे तेवीस दिवस ती आमच्याकडेच राहिली. बायकोला इंग्रजी येत नाही, तिला मराठी येत नव्हती, पण दोघी ओट्याजवळ तासन्‌तास बोलायच्या. स्वाहिली भाषेत चहाला चायच म्हणतात, चपातीला चपाती, दुकानाला दुका आणि गाडीला गारी. असा एखादा शब्द सापडला की स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज यायचा. गोंधळ झाला तो नात्यांचा. त्यांच्याकडे दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ. त्यामुळे ती माझ्या बायकोला सगळ्यांसमोर "दादा" म्हणून हाक मारायची. आमच्या गल्लीत बायकोला अजूनही काहीजण थट्टेने दादाच म्हणतात. मला ती फुंडी म्हणायची. फुंडी म्हणजे कारागीर. हा शब्द ती डॉक्टर किंवा प्रोफेसर म्हटल्यासारखा मानाने उच्चारायची. चार दिवसांत मीही मॅडम सोडून तिला ताई म्हणायला लागलो.

काम सुरू झालं आणि खटकेही उडायला लागले. आमचे वेल्डिंगचे मिस्तरी वडिलांच्या वेळचे. साठी ओलांडलेली, हात सोन्यासारखा, आणि स्वभाव तापलेल्या पत्र्यासारखा. भांड्याची आतली भिंत जोडून झाली. ताईने बाह्या वर केल्या, आत वाकली आणि जोडावरून सगळीकडे बोट फिरवत गेली. एका जागी थांबली. बॅटरी मागितली.

"इथे एक भोक आहे. सुईच्या टोकाएवढं."

मी मिस्तरींना सांगितलं. त्यांचा चेहराच बदलला.

"हिला काय कळतंय वेल्डिंगमधलं? मी बारका असल्यापासून हे काम करतोय. भोकबीक काय न्हाई तिथं."

ताईने मला विचारलं, "ते काय म्हणतायत?" मी जरा सौम्य करून सांगितलं. ती मिस्तरींकडे वळली आणि शांतपणे म्हणाली, "काका, मला वेल्डिंग येत नाही. पण मला आंबणारं दूध कळतं. त्या भोकात एक थेंब अडकेल. रात्रभरात तो नासेल. सकाळी माझ्या दोनशे लिटर दुधात तो मिसळेल. ते दूध पोरं पिणार आहेत."

मी भाषांतर केलं. मिस्तरींनी वेल्डिंगची काच खाली ठेवली आणि ते घरी निघून गेले. मला वाटलं, संपलं आता सगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुलूप उघडायला आलो, तर ते दाराशी बसलेले. आत गेले, तो अख्खा जोड घासून काढला आणि पुन्हा भरला. मग फक्त त्या जागेवर थांबले नाहीत, भांड्यातला प्रत्येक जोड त्यांनी तपासला. दुपारी ताईला हाताने खूण करून बोलावलं आणि म्हणाले, "बघ आता बोट फिरवून."

तिने फिरवलं. मग दोन्ही हातांनी त्यांचा हात धरून डोकं झुकवलं. मिस्तरी पार लाजले.

पहिली चाचणी मेव्हण्याच्या गोठ्यातल्या दुधावर घेतली. खाली बाभळीचं लाकूड, वर आमचं भांडं. दूध छान तापलं, उष्णता नीट धरली गेली. मी खूश. मिस्तरी खूश. ताईने वाटीत थोडं घेतलं, घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"लागलंय."

मी चाखलं. अगदी किंचित. कुणाला कळलंही नसतं, आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

"मला कळलं ना," ती म्हणाली.

दूध वासरांना गेलं. दोष शोधायला तीन दिवस लागले. जाळ एका कोपऱ्यावर जास्त बसत होता. त्यावर उपाय तिनेच सुचवला. तिच्या आईच्या चुलीत तीन दगड तिरपे ठेवून जाळ वळवतात, तशा तीन पट्ट्या आम्ही खाली तिरप्या बसवल्या. दुसऱ्या चाचणीचं दूध तिने सगळ्यांना कपात भरून दिलं. मिस्तरींनी दोन कप घेतले.

जायच्या दिवशी बायकोने तिला संगमनेरच्या बाजारातून निवडून आणलेली हिरवी साडी दिली. तिने आपल्या डोक्याचं फडकं सोडून बायकोच्या खांद्यावर टाकलं. भांडं सुटं करून पेट्यांत भरलं होतं. सोबत एकच पाना.

मग ती गेली. अधूनमधून फोटो यायचे. डोंगरातल्या चिखलात आमचं भांडं डोक्यावर घेऊन चाललेल्या बायका. पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहिलेलं भांडं. त्याच्यासमोर ओळीने ठेवलेले कॅन. दोन वर्षांनी एक लांबलचक मेसेज आला. आणखी चार भांडी हवीत. एक मोठी इमारत बांधून होत आली आहे. सुरुवात करायला फुंडीने स्वतः यायला पाहिजे. आणि शेवटी: "दादाला आणलं नाही तर भांडी परत पाठवीन."

भांडी करून बोटीने पुढे पाठवली, आणि मी आणि बायको, दोघांनी पहिल्यांदाच पासपोर्ट काढले. विमानात बायकोने माझा हात उतरेपर्यंत सोडला नाही. दार-एस-सलामला ताई स्वतः न्यायला आली होती. तिथून दहा-अकरा तासांचा बसचा प्रवास. मी उकाड्याच्या तयारीने पातळ सदरे नेले होते. वर डोंगरात पोचलो तर महाबळेश्वरसारखी थंडी. ताईच्या नवऱ्याने, ते प्राथमिक शाळेत शिक्षक आहेत, मला आपला स्वेटर दिला. घरी त्यांनीच स्वयंपाक केला होता. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, उगाली म्हणतात त्याला, आणि पालेभाजी. बायको पहिला घास घेऊन म्हणाली, "ही तर आपली उकडच हाय की."

ताई संगमनेरला तेवीस दिवस राहिली, पण स्वतःबद्दल फारसं बोलली नव्हती. तिची सगळी हकीकत मला तिच्या गावात कळली, आणि ती सांगितली तिच्या आईने. म्हातारी ओसरीत बसून मक्याचे दाणे काढत होती. ती बोलायची आणि ताई जरा संकोचत आम्हाला सांगायची.

म्हातारीच्या चार गाई होत्या. सकाळचं दूध गोळा करायला खालून एक ट्रक यायचा. संध्याकाळचं दूध कुणी घेत नव्हतं. पावसाळ्यात रस्ता चिखलात गेला की सकाळचंही नाही. एका वर्षी सलग अकरा दिवस ट्रक आला नाही. घरात होतं नव्हतं ते भांडं दुधाने भरलं, शेजारीपाजारी सगळ्यांकडे हीच गत. बाराव्या दिवशी सकाळी सगळ्या बायकांनी आपापलं नासलेलं दूध बांधावरून खाली ओतलं. उतारावरून पांढरा ओघळ वाहत गेला. ताई तेव्हा शाळेत जायच्या वयाची. ती त्या ओघळाच्या कडेने खाली, नाल्यापर्यंत चालत गेली होती.

"परत आली," म्हातारी म्हणाली, "आणि मला विचारलं, आई, हे दूध थांबवता येत नाही का? मी म्हटलं, देवाला विचार."

शाळा संपल्यावर ताईला एका चहामळ्याच्या ऑफिसात कारकुनाची नोकरी लागली. चांगली, कायमची नोकरी. सात वर्षं केली आणि एक दिवस सोडली. सायकलला दोन डबे बांधले, आईचं आणि शेजारणींचं संध्याकाळचं दूध विरजायला लागली आणि सकाळी बसस्टँडवर विकायला उभी राहिली. त्यांच्याकडे विरजलेल्या पातळ दह्याला म्तिंडी म्हणतात. बसच्या खिडक्यांतून हात बाहेर यायचे आणि ही धावत धावत पेले द्यायची. ऑफिसातले जुने सोबती त्याच बसने जायचे. कुणी ओळख दाखवायचे, कुणी मान फिरवायचे.

"तुला वाईट वाटायचं का?" बायकोने विचारलं.

"बस सुटायची घाई असायची, दादा. वाईट वाटायला वेळ नव्हता."

मग तिने गावातल्या दहा-बारा बायका एकत्र केल्या आणि एक शेड भाड्याने घेतली. शहरातल्या एका व्यापाऱ्याने तिला विजेवर चालणारं मोठं यंत्र गळ्यात मारलं. वीज टिकेना, महिन्याभरात ते जळालं, व्यापाऱ्याने फोन उचलायचा बंद केला. परवाना मागायला गेली तर टेबलामागच्या माणसाने जबाबदार पुरुषाची सही आणायला सांगितली. ती रोज सकाळी दूध विकून झालं की त्याच बाकावर जाऊन बसायची. कायद्याचं पुस्तक मागायची आणि विचारायची, यात पुरुष हा शब्द कुठे लिहिलाय ते दाखवा. सतराव्या दिवशी परवाना मिळाला. त्या डोंगरभागात बाईच्या नावावर निघालेला दुधाच्या कारखान्याचा तो पहिला परवाना. ऑफिसात तो भिंतीवर टांगलाय. मी त्याच्याखाली उभा राहून फोटो काढून घेतला. हे सगळं ऐकताना मला माझा पहिला प्रश्न आठवला, साहेब मागून येतायत का, आणि मी तो त्यांच्यासमोर कबूल केला. म्हातारी पोट धरून हसली. ताई म्हणाली, "तू निदान दुसऱ्यांदा विचारलं नाहीस."

नव्या इमारतीच्या उद्घाटनाच्या आदल्या रात्रीपासून पाऊस लागला. सकाळी फोन आला की राजधानीकडून येणारे पाहुणे खाली घाटातच अडकलेत, रस्ता खचलाय. मंडप भिजून लोंबत होता. ताईचे यजमान म्हणाले, "कार्यक्रम पुढे ढकलू या."

ताई इमारतीच्या दारात उभी राहून समोरच्या उतारांकडे पाहत होती. चारी बाजूंच्या पायवाटांवरून बायका येत होत्या. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर कॅन, वरून प्लास्टिकचा कागद. एकामागून एक. मी मोजायला लागलो आणि सोडून दिलं.

"दूध आलंय," ताई म्हणाली. "पाहुण्यांसाठी दूध थांबतं का?"

आत येऊन तिने पांढरा कोट चढवला आणि दूध घ्यायला बसली. प्रत्येकीच्या दुधाचा नमुना तपासायचा, मगच ओतायचं. एका जाड बाईचा कॅन तिने बाजूला सारला. पाणी घातलेलं होतं. ती बाई मोठमोठ्याने बोलायला लागली. ताईने ऐकून घेतलं आणि पुढच्या बाईला हाक मारली. ताईचे यजमान माझ्या कानात म्हणाले, "ती हिची सख्खी आत्या."

पहिल्या भांड्यात दूध पडलं. आता जाळ लावायचा होता. फीत, कात्री, सगळं पाहुण्यांसाठी ठेवलेलं. ताईने ते ताट उचलून खिडकीत ठेवलं. मग आईला हाताला धरून आणलं आणि तिच्या हातात काड्यापेटी दिली. म्हातारीने वाकून आत पाहिलं. तीन तिरप्या पट्ट्या तिला दिसल्या असाव्यात, कारण तिने मागे वळून लेकीला काहीतरी विचारलं आणि लेकीने मान डोलावली. म्हातारीने काडी ओढली. पहिली विझली. दुसरी लागली. निलगिरीची ढलपी तडतडली, आणि पावसाच्या आवाजातसुद्धा सगळ्या बायकांनी एकदम जी लूलूलू अशी आरोळी दिली, तिने माझ्या अंगावर काटा आला. बायकोही त्यांच्यात मिसळून ओरडत होती. मी तोंड दुसरीकडे वळवलं. माझ्या हातची भांडी मी शेकड्यांनी बाहेर पाठवली असतील. त्यातलं एखादं पेटताना पाहून डोळे भरून येतील असं कधी वाटलं नव्हतं.

त्या पावसात रस्ता नऊ दिवस बंद राहिला. त्या नऊ दिवसांत एक थेंब दूध बांधावर गेलं नाही. गरम करून, विरजून, बंद पिशव्यांतून ते मोटरसायकलींवर आडवाटेने खाली जात राहिलं. ज्या बाईने दूध घातलं, तिच्याच मोबाईलवर तिच्या दुधाचा मोबदला जायचा, घरच्या कुणाच्या नाही. हा नियम ताईने पहिल्या दिवसापासून ठेवलाय आणि त्यावरून तिने पुष्कळ नवऱ्यांच्या शिव्या खाल्ल्यात.

आम्ही निघायच्या आदल्या दिवशी ती मला जुन्या शेडच्या मागे घेऊन गेली. तिथे एक लहान खोली, आत वेल्डिंगचं यंत्र, आणि चेहऱ्यावर काच धरून काम करणारी एक बाई. मधोमध अर्धवट झालेलं एक भांडं. आमचंच. अगदी तसंच.

"फुंडी, मी तुला खोटं सांगणार नाही," ताई म्हणाली. "यापुढची भांडी मी इथेच करणार आहे. तुझ्याकडून मागवणार नाही. तू बघून सांग, बरोबर झालंय का."

एवढं लांब येऊन आपण आपलंच गिऱ्हाईक घालवून बसलो, असा विचार मनात आला हे खरं. मग मी भांड्यात वाकून पाहिलं. जोड साफ होता, पण आतल्या भिंतीला पत्रा थोडा पातळ वापरला होता. वर्षभरात तो वाकला असता. हे न सांगता मी परत येऊ शकलो असतो. त्या वेल्डर बाईने काच बाजूला करून माझ्याकडे पाहिलं. कपाळावर घाम, डोळ्यांत परीक्षेला बसल्यासारखी भीती. मी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. तो दिवस आणि रात्रीचे काही तास आम्ही दोघं काम करत होतो. पत्र्याची जाडी, बफिंग, म्हणजे जोड घासून गुळगुळीत करणं, कुठून सुरू करायचं, गरम पत्रा ओढतो तेव्हा जोड कसा धरायचा, मिस्तरींकडून मी जे शिकलो होतो ते सगळं मी तिला दिलं. ताई मधे बसून भाषांतर करत होती.

परत आल्यावर आमच्या चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न आला, "काय राव, सिंह बघितला का?" मी ताईबद्दल सांगायला लागलो. टपरीवाल्याचा चहा उतू गेला, पण कुणी उठलं नाही. मिस्तरी एका कोपऱ्यात बसले होते. ते आता काम करत नाहीत, नजर अधू झालीय. त्यांनी शेवटी एकच विचारलं, "तिकडली बाई वेल्डिंग चांगलं करती का?"

"करते. तुमच्या पद्धतीनेच करते."

त्या दिवशी त्यांनी टपरीवर सगळ्यांना चहा पाजला.

गेल्या वर्षी ताई पुन्हा आली. या वेळी मुंबईत एका परिषदेला तिला बोलावलं होतं. ते आटोपून ती संगमनेरला आली. अकोले तालुक्यातल्या डोंगराळ भागात एक बचत गट आहे, ज्यांना मी खव्याची कढई दिली होती. तिथेही पावसात वीज जाते आणि दूध पडून राहतं. मी त्यांच्याकडे वर्षानुवर्षं जात होतो, पण लाकडावरचं भांडं त्यांना दाखवावं हे मला सुचलं नव्हतं. ताईने एका दिवसात विचारलं, "हे भांडं तू इथे का विकत नाहीस?"

आम्ही तिला तिथे घेऊन गेलो. समाजमंदिरात चाळीसेक बायका जमल्या होत्या. सुरुवातीला सगळ्या तिच्याकडे नुसत्या पाहत होत्या. तिने बायकोने दिलेली हिरवी साडी नेसली होती, निऱ्या जरा वर आल्या होत्या. एका म्हातारीने उठून त्या नीट केल्या आणि मग वातावरण सैल झालं.

गटाच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, "ताई, तुमाला घरचे काय बोल्ले न्हाईत का? आमी मीटिंगला निघालो तरी बोलत्यात."

मी भाषांतर केलं तशी ताई हसली. "बोलले. सासू दोन वर्षं बोलत होती. मग तिच्या गाईचं दूध मी घ्यायला लागले. आता ती सगळ्यांच्या आधी कॅन घेऊन उभी असते, आणि रांगेत कुणी मधे घुसलं की भांडते."

हशा पिकला. मग प्रश्नांची झुंबड उडाली. ताईने खडू मागितला आणि समाजमंदिराच्या फरशीवर भांड्याचं चित्र काढलं. अध्यक्षबाईंनी खडू तिच्या हातातून घेतला आणि चित्र लहान केलं. आमच्याकडे एवढं दूध नसतं, म्हणाल्या. शंभर लिटरचं बास. आणि चूल खाली नको, बाजूला हवी, कारण आमच्या खोलीला धुराडं बाजूला आहे. ताई उकिडवी बसून ते चित्र पाहत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "फुंडी, हे माझ्यापेक्षा चांगलं आहे. लिहून घे."

मी लिहून घेतलं. ते भांडं आम्ही दोन महिन्यांत करून दिलं, आणि तसली आणखी तीन आता जिल्ह्याच्या वेगवेगळ्या भागांत आहेत. बाजूच्या चुलीचं चित्र मी ताईलाही पाठवलं. तिच्या वेल्डर बाईने ते तिकडे करून पाहिलं आणि लाकूड कमी लागतं असं कळवलं.

हल्ली दर रविवारी अध्यक्षबाई आमच्या घरी फोन लावतात आणि बायको तिकडे ताईला जोडून घेते. मोबाईलवर दोन चौकटींत दोघींचे चेहरे, तिसऱ्यात माझी बायको. दह्याला आंबटपणा जास्त का येतोय, पिशवीचं तोंड कसं बंद करायचं, कुणाचा नवरा काय म्हणाला, सगळं चालतं. बायकोची स्वाहिली आता माझ्या इंग्रजीपेक्षा बरी झालीय. मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत असतो. मधेच बायको मोठ्याने विचारते, "अहो, त्या झडपेचं वायसर किती मापाचं?" मी माप सांगतो, आणि त्या तिघी पुढे बोलायला लागतात.